रूळ आले, आता बाजार कुठे बसेल?

बीडला रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर. अहिल्यानगर-बीड-परळी या 261 किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली होती 1995 मध्ये. त्या वर्षी जन्मलेलं लेकरू पहिली गाडी बघेपर्यंत तिशीचं झालं. जिल्ह्यात रूळच नव्हते असं नाही. परळी वैजनाथला ते निजामाच्या राजवटीतच पोचले होते, अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरलाही स्टेशन आहे. जिल्ह्याचं ठिकाण मात्र तसंच राहिलं होतं. 2022 च्या सप्टेंबरात आष्टीपर्यंत गाडी आली आणि मग अंमळनेर, विघनवाडी, रायमोह, राजुरी करत रूळ एकदाचे बीडला टेकले.

त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा गाडीवर होत्या, आणि ते साहजिकच होतं. मला गाडीइतकंच कुतूहल आहे ते स्टेशनच्या दारातून बाहेर पडल्यावर समोर लागणाऱ्या जमिनीचं. जगभर ज्या जमिनीसाठी कोट्यवधी डॉलर ओतून बांधलेले मॉल पाडले जात आहेत, नेमकी तशी जमीन बीडला नव्याने लाभली आहे, आणि तीही बरीचशी मोकळी. स्टेशन आणि बाजार यांचं नातं कसं जुळतं, हे एकदा नीट उलगडून पाहिलं की त्या जमिनीकडे बघण्याची नजरच बदलते.

आधी चालण्याचा हिशेब करू. माणूस रमतगमत नव्हे, कामाला निघालेल्या चालीने मिनिटाला साधारण 80 मीटर चालतो. स्टेशनचं दार मध्यबिंदू धरून पाच मिनिटांच्या चालीचं, म्हणजे 400 मीटरचं वर्तुळ काढलं, तर आत सुमारे 125 एकर जमीन येते. दहा मिनिटांचं, 800 मीटरचं वर्तुळ काढलं तर जवळपास 500 एकर. चालणं दुप्पट, जमीन चौपट! केंद्र सरकारने 2017 मध्ये वाहतूककेंद्री विकासाचं जे राष्ट्रीय धोरण जाहीर केलं, त्यात स्थानकाभोवतीचा 500 ते 800 मीटरचा पट्टा धरला आहे तो याच हिशेबाने. एवढं अंतर माणूस रिक्षा न करता, कुरकुर न करता, हातात पिशवी घेऊन चालतो. त्यापुढे तो वाहन शोधतो.

हे वर्तुळ अर्थात कागदावरच गोल असतं. प्रत्यक्षात मध्ये नाला येतो, कुणाची तरी लांबलचक कंपाउंडची भिंत येते, दुभाजक असलेला रस्ता येतो. सर्वात मोठा अडथळा तर रुळांचाच. स्टेशनला एकाच बाजूला दार असेल तर पलीकडचं अर्धं वर्तुळ नकाशावर जवळ आणि पायांना लांब राहतं. तिथे एक पादचारी पूल पलीकडच्या वस्तीत उतरवला, दुसऱ्या बाजूला एक दार काढलं, की सुमारे 250 एकर जमीन एका दिवसात स्टेशनजवळ येते. एका जिन्याने अडीचशे एकर हलवता येतात, हे मला आजही अद्भुत वाटतं. उलट, एका भिंतीने तेवढीच जमीन कायमची लांबही जाते.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ, जिथे चालणाऱ्याचा विचारच झाला नाही. व्हिक्टर ग्रुएन नावाचा वास्तुरचनाकार व्हिएन्नातून अमेरिकेत गेला. त्याने मिनेसोटातल्या एडिना इथे साउथडेल सेंटर उभारलं. 1956 मध्ये उघडलेला हा अमेरिकेतला पहिला बंदिस्त, वातानुकूलित उपनगरी मॉल. ग्रुएनच्या मनात होतं व्हिएन्नासारखं गाव: दुकानांभोवती घरं, शाळा, दवाखाने, बागा आणि मध्ये लोकांनी गप्पा मारायचा चौक. बांधलं गेलं फक्त दुकान, आणि त्याच्या भोवती पार्किंग. हे प्रारूप अमेरिकाभर पसरलं आणि ग्रुएन उतारवयात आपल्याच कल्पनेच्या या रूपावर संतापून, ते नाकारून व्हिएन्नाला परत गेला.

पार्किंग किती? अमेरिकेतल्या मॉलचा जुना ठोकताळा होता हजार चौरस फूट दुकानामागे पाच गाड्यांची जागा. एका मोटारीला, वळायच्या वाटेसकट, सुमारे 300 चौरस फूट लागतात. म्हणजे 1000 फुटांच्या दुकानासाठी 1500 फूट डांबर! मॉलमध्ये विकायला ठेवलेल्या मालाला जेवढी जागा, त्याच्या दीडपट जागा रिकाम्या मोटारी उभ्या करायला. त्या जागेवर काही पिकत नाही, कुणी राहत नाही, रात्री तिथे चिटपाखरूही नसतं. पुढे घरबसल्या खरेदी सुरू झाली, गिऱ्हाईक आटलं, आणि असे शेकडो मॉल ओस पडले.

पण याच ठिकाणी गोष्टीला विलक्षण वळण मिळतं. ते डांबर म्हणजे शहराच्या आत सापडलेली, एकाच मालकाच्या ताब्यातली, सपाट, पाणी-वीज-सांडपाण्याची सोय असलेली जमीन होती. सिएटलमधला नॉर्थगेट मॉल 1950 चा. तिथे आता दुकानांची जागा कमी होऊन घरं आणि कचेऱ्या बांधल्या जात आहेत, बर्फावरच्या हॉकीचं सराव केंद्र उभं राहिलं आहे, आणि 2021 च्या ऑक्टोबरमध्ये शेजारीच शहरी रेल्वेचं स्टेशन सुरू झालं. त्याच सुमारास महामार्गावरून पलीकडच्या महाविद्यालयापर्यंत एक पादचारी पूलही टाकला गेला. मघाचं अर्धं वर्तुळ आठवा. सत्तर वर्षांनी तिथल्या लोकांनी ते पूर्ण केलं.

आपल्याकडेही मॉलची वाट काही सरळ गेली नाही. मुंबईत हाजी अलीला 1999 मध्ये क्रॉसरोड्स उघडलं तेव्हा गर्दी एवढी लोटली, की सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांना आत जायला पैसे मोजावे लागत. बाजारात शिरायला तिकीट! पुढे त्या वास्तूचं नाव बदललं, दुकानं बदलली आणि अखेर ती बंद पडली. जिथे येणाऱ्याला आधी पारखलं जातं ती जागा बाजार म्हणून फार टिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच्या नेमकं उलट टोक म्हणजे जपानमधले इचिझो कोबायाशी. त्यांची ओसाकाजवळची विद्युत रेल्वे 1910 मध्ये सुरू झाली ती बऱ्याचशा शेतजमिनींतून. प्रवासी येणार कुठून, असं लोक विचारत होते. कोबायाशींनी रुळांकडेची जमीन आधीच घेऊन ठेवली, तिथे घरं बांधली आणि नोकरदारांना हप्त्यांवर विकली. रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला, ताकाराझुकाला, गरम पाण्याची कुंडं आणि मग नाट्यमंडळी उभी केली, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही गाड्या भरून जाव्यात. आणि 1929 मध्ये उमेदा या मुख्य स्थानकातच मोठं बहुदालनी दुकान काढलं, हानक्यू. रेल्वे कंपनीने स्वतः चालवलेलं हे अशा प्रकारचं पहिलं दुकान मानलं जातं.

त्या दुकानाच्या उपाहारगृहातली एक गोष्ट मला फार आवडते. मंदीच्या दिवसांत अनेक तरुण येऊन नुसता भात मागवत, आणि टेबलावर फुकट ठेवलेला सॉस त्यावर घालून खात. इतरांनी त्यांना हाकललं असतं. कोबायाशींनी त्यांचं स्वागत केलं. आज खिशात पैसे नाहीत, पण हीच मुलं उद्या संसार थाटतील आणि कुटुंबासकट इथेच येतील, असा त्यांचा विचार होता. स्टेशनवरच्या बाजाराचं सगळं मर्म यात आहे. इथे येणारा माणूस खरेदीला आलेला नसतो, तो आपल्या वाटेने चाललेला असतो. त्याला रोज जाऊ द्यायचं, बसू द्यायचं. खरेदी आपोआप होते.

महाराष्ट्रात हे गणित सर्वात धीटपणे मांडलं ते नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने. नवी मुंबईत लोकल आणायची तर पैसा कुठून? सिडकोने रेल्वेमार्गाच्या खर्चाचा 67 टक्के वाटा स्वतः उचलला, रेल्वेने 33 टक्के. सिडकोचा पैसा जमिनीतून उभा राहिला: स्टेशनच्या इमारतींत कचेऱ्या आणि गाळे काढायचे, भोवतालची जमीन विकायची, त्यातून रूळ टाकायचे. 1992 मध्ये लोकल वाशीला पोचली तेव्हा अशा स्टेशनांचा प्रवास सुरू झाला. त्याचं सर्वात पुढचं रूप सीवूड्सला दिसतं. सुमारे 40 एकरांची ती जागा सिडकोने 2008 मध्ये निविदा काढून लार्सन अँड टुब्रोला दिली, आणि 2017 मध्ये तिथला मॉल उघडला. खाली फलाट, वर दुकानं, शेजारी कचेऱ्या. लोकलमधून उतरलेला माणूस पाऊस अंगावर न घेता जिन्याने वर जातो आणि बाजारात पोचतो. मॉलला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. दर काही मिनिटांनी ते फलाटावर उतरतं.

बीडच्या मार्गाचा खर्च राज्य आणि केंद्र निम्मा-निम्मा उचलत आहेत. म्हणजे हे रूळ सरकारी तिजोरीतून, तुमच्या-माझ्या करातून आले. रूळ आल्याने भोवतालच्या जमिनीचे भाव वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. प्रश्न एवढाच, की त्या वाढीतला काही हिस्सा फूटपाथ, दिवे, झाडं, स्वच्छतागृह, बससाठी थांबा यांच्या रूपाने लोकांकडे परत येणार, की सगळा प्लॉटिंगमध्ये जिरणार? सिडकोच्या बाबतीत जमीन तिच्याच हातात होती. बीडमध्ये ती अनेकांच्या सातबाऱ्यांवर विखुरलेली असणार. म्हणून इथे काम अवघड आहे, पण अशक्य मुळीच नाही. रस्त्यांच्या आखणीचा अधिकार अजूनही नगरपालिकेकडेच आहे, आणि स्टेशनभोवतीच्या जागेत रस्ते आधी आखले की बाकीचं बरंच काही आपसूक मार्गी लागतं.

बीड आणि सीवूड्समध्ये एक मोठा फरक आहे, तो न लपवता सांगायला हवा. सीवूड्सला दिवसभर लोकल आहेत. बीडला सुरुवात झाली ती दिवसातून एका डेमू गाडीच्या ये-जा करण्याने, आणि अहिल्यानगर गाठायला तिला साडेपाच तासांच्या आसपास लागत. एसटी त्याहून लवकर पोचवते. दिवसाला एक गाडी येणाऱ्या स्टेशनवर मॉल बांधला तर त्यातले गाळे धूळ खात पडतील. मग अशा ठिकाणी बाजार कसा उभा राहतो?

याचं उत्तर बीड जिल्ह्याला शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे: आठवडी बाजार. जेम्स स्टाइन या भूगोलशास्त्रज्ञाने 1962 मध्ये कोरियातल्या फिरत्या बाजारांवर लिहिताना यामागचं तत्त्व फार सुरेख मांडलं. प्रत्येक धंद्याला दोन अंतरं असतात. पोट भरण्याइतकं गिऱ्हाईक जमवायला दुकानदाराला जेवढा मुलूख लागतो ते एक, आणि त्या वस्तूसाठी गिऱ्हाईक जास्तीत जास्त जितकं लांब यायला तयार असतं ते दुसरं. दुसरं अंतर पहिल्यापेक्षा मोठं असेल तर दुकान एका जागी बसतं. ते लहान असेल तर दुकानालाच चालावं लागतं. आज एका गावात, उद्या दुसऱ्या. जिल्ह्यातल्या नेकनूरच्या बाजारात पाल ठोकून बसलेला भांडीवाला किंवा कपडेवाला हे गणित जगत असतो. सोमवारी एक गाव, मंगळवारी दुसरं, आणि आठवड्याच्या शेवटी सात गावांचं मिळून त्याचं एक दुकान पुरं होतं. हे दुकान जागेत नाही, वेळेत बांधलेलं आहे.

म्हणून बीडच्या स्टेशनसमोर आज गाळ्यांच्या रांगांपेक्षा ओटे हवेत. पत्र्याची उंच सावली, खाली धुता येणारी फरशी, पाण्याचा नळ, वजनकाट्याची जागा, टेम्पो लावायला आडबाजूची वाट. गाडीच्या वेळेला तिथे बाजार भरेल, इतर वेळी मुलं खेळतील. गाड्या वाढतील तसा बाजार वेळेतून जागेत उतरेल. तेव्हा गाळे बांधता येतील. आधी काँक्रीट आणि मग गिऱ्हाईक, ही चाल उलटी पडते, हे ओस पडलेल्या मॉलांनी दाखवून दिलं आहेच.

या ओट्यांवर काय येईल, याची कल्पना करताना माझ्या डोळ्यांसमोर पहिलं येतं सीताफळ. बालाघाटच्या डोंगररांगांतल्या बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे फळ काढायची घडी फार नेमकी असते. खवल्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या, की शेतकरी म्हणतात डोळे उघडले. त्यानंतर हाती तीन-चार दिवस. फळ मऊ पडतं, साल फाटते, गर बाहेर येतो, आणि मग ते नुसतं उचलायलाही नको. घाटरस्त्याने हिसके खात गेलेल्या पाटीतली किती फळं धड राहतात, ते आडत्याच्या दारात उभं राहिलं की कळतं. शहरात मोठ्या भावाने विकल्या जाणाऱ्या या फळाची बाग असलेला माणूस घाईमुळेच गरीब राहतो. रुळांवरचा प्रवास तुलनेने बिनहिसक्यांचा आहे. स्टेशनच्या चालत्या अंतरात फळं निवडायला, प्रत लावायला, गर काढून गोठवायला एखादी साधी सोय झाली, तर त्या तीन दिवसांचे कितीतरी महिने होतील. रेल्वेची ‘एक स्थानक एक उत्पादन’ योजना 2022 पासून चालू आहे. स्थानिक कारागिरांना आणि उत्पादकांना फलाटावर विक्रीची जागा मिळते. बीडला या जागेवर काय ठेवायचं, यावर फार डोकं चालवायला नको.

बाजार वाटेच्या तोंडाशी बसतो, हे जुनं बीड शहरही सांगतं. राजुरी वेस, माळीवेस ही नावं आजही पत्ता सांगताना तोंडात येतात. वेशीतून आत येणारा माणूस थकलेला असायचा, त्याला पाणी, चारा, मुक्काम, सौदा सगळं लागायचं. पुढे वाटेचं तोंड सरकलं. महाराष्ट्रातली पहिली एसटी 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) अशी धावली, आणि त्यानंतर गावोगावी बसस्थानक हीच नवी वेस झाली. कोणत्याही तालुक्याच्या स्टँडबाहेर बघा: रसवंती, फळांच्या गाड्या, चार्जर विकणारा, झेरॉक्सवाला, औषधाचं दुकान, लॉज. यांतलं कुणी नगररचनाकाराने बसवलेलं नाही. पाय जिथे थबकतात तिथे ती माणसं आली. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने अशा जागांना ‘नैसर्गिक बाजार’ म्हणून मान्यता दिली आहे, आणि त्या कोणत्या, याची शिफारस करायला नगर पथविक्रेता समिती नेमायला सांगितलं आहे. स्टेशनपुढे पहिली चहाची टपरी पडली की तिला अतिक्रमण म्हणून उठवण्याआधी हा कायदा वाचावा.

एसटी महामंडळाच्या जमिनींबाबतही 2025 मध्ये राज्याने नवं धोरण स्वीकारलं. जादा जागा व्यापारी वापरासाठी 49 अधिक 49, म्हणजे 98 वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने देता येणार आहेत. 98 वर्षं म्हणजे आपल्या नातवांच्या हयातीतही न संपणारा करार. तिथे काय बांधलं जातं, तळमजल्यावर वाहनतळ येतो की माणसांना बसायची जागा, याची आखणी आज होते आणि ती चार पिढ्या भोगतात. बीडला रेल्वे स्टेशन एका जागी आणि एसटी स्टँड दुसऱ्या जागी आहे. या दोहोंना जोडणारी, प्रत्येक गाडीच्या वेळेला सुटणारी एक शहर बस सुरू केली, तर कुठलीही इमारत न बांधता दोन्हीकडचे बाजार एकमेकांना जोडले जातील. खर्चाच्या मानाने याहून मोठा फायदा देणारं काम मला तरी दिसत नाही.

आणि ऊसतोडीला जाणारी माणसं? दर दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो जण कारखान्यांच्या वाटेला लागतात, ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांडीकुंडी आणि लेकरांसकट. स्टेशनभोवतीच्या त्या 500 एकरांत निवडणी, प्रतवारी, साठवण, दुरुस्ती, शिवण, खानावळ, वसतिगृह अशी कामं उभी राहिली, तर त्यांतल्या काहींना तरी गावाजवळ बारा महिने काम मिळेल. मला या सगळ्या विषयाची ओढ आहे ती मुख्यतः यासाठी. झगमगाट कुठेही करता येतो; माणसाचं गाव सोडणं थांबवील अशी जमीन वारंवार मिळत नाही.

बीडहून पुढे परळीपर्यंतचा टप्पा जोडला, की हा मार्ग निजामाच्या काळच्या रुळांना मिळेल आणि हैदराबाद, नांदेडकडून येणारी वाहतूक बीडमार्गे पुण्या-मुंबईकडे जाऊ शकेल. तेव्हा गाड्या वाढतील. त्याआधीचा काळ हाच रस्ते आखण्याचा काळ आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 26 नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, की त्यावर हरकती आणि सूचना देण्याचा हक्क कुणाही नागरिकाला मिळतो, आणि त्याची मुदत थोडकीच असते. बीडकरांनो, त्या मसुद्यात स्टेशनचा नकाशा आधी उघडा. दाराला मध्य धरून 800 मीटरचं वर्तुळ काढा. त्यात पायी चालायला सलग वाट आहे का, रुळांपलीकडे दुसरं दार आहे का, आणि बाजाराच्या ओट्यांसाठी जागा राखून ठेवली आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारा आणि पोच घ्या.